आज हात नाही

मित्रांनो, मी एक जुनी, काळी, चामड्याची बॅग आहे. कारध्याला, वैनगंगेच्या काठावरच्या एका घरात, खिडकीपाशी एका स्टुलावर मी बसलेली असते. अंगापिंडाने धिप्पाड असले तरी स्वभावाने मी पहिल्यापासून भित्री. माझ्या भित्रेपणापायी एकदा केवढा अनर्थ होता होता राहिला, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म नागपूरच्या एका दुकानात झाला. जवाहरनगरला दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारे गुलाब मेश्राम मला विकत घेऊन गेले. त्यांच्या मुलाला, अतुलला, वैमानिकाची नोकरी लागली होती. क्वार्टरमधली माणसं मला बघायला आली. अतुलची आई विमलाबाई येईल त्याला सांगायची, "माहा पोरगा इमान चालवते." विमानाला आमच्याकडे जुनी माणसं इमानच म्हणतात. गुलाबबाबांनी मात्र मुलाला एवढंच बजावलं, "इमान चालवतं त इमानानं चालव."

तीस वर्षं मी अतुलबरोबर उडाले. विमानात त्याच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला माझी जागा होती. माझ्या पोटात नकाशे होते, जाडजूड पुस्तकं होती. विमानतळावर लोक आधी अतुलच्या टोपीकडे बघत आणि मग माझ्याकडे. मी कशी ताठ बसायचे म्हणून सांगू! पुढे नकाशे आणि पुस्तकं एका पातळ टॅबमध्ये जाऊन बसली. माझ्यात उरला चष्मा, टॉर्च आणि जेवणाचा डबा. तरुण वैमानिक मला बघून हसू लागले. अस्तर एका कोपऱ्यात फाटलं, मुठीची शिवण टाका टाका करून उसवू लागली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मीही आवाज केला नाही. म्हातारी म्हणून टाकून दिली तर?

दोन वर्षांपूर्वी माझ्या पोटात एक पत्र आलं. अतुल तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. नियमाप्रमाणे त्याला पासष्टपर्यंत उडता येत होतं, पण त्या पत्रात त्याने लिहिलं होतं की मला लवकर निवृत्त व्हायचं आहे. त्याने हा विचार अगदी रीतसर केला होता. कारध्याचं घर बांधून झालं होतं, मुलगी गुंजन नोकरीला लागली होती. फक्त पत्रावर तारीख टाकून ते द्यायचं होतं. त्याने दिवाळीनंतरची तारीख टाकली आणि खोडली. उन्हाळ्यातली टाकली, तीही खोडली. तिसरी टाकली ती पुढच्या वैद्यकीय तपासणीनंतरची. तपासणीत तो पास झाला, म्हणून तीसुद्धा खोडली.

मित्रांनो, त्याला कशाचं भय होतं ते मला कळायचं, कारण तेच मला होतं. तो थांबला की मी माळ्यावर जाणार, उंदरांच्या तोंडी. एक दिवस ते पत्र घसरून फाटक्या अस्तरात गेलं. अतुलने दोनदा माझ्यात हात घालून शोधलं आणि मग नाद सोडला. खरं सांगते, मला बरं वाटलं. मी ते तीन महिने पोटात दाबून ठेवलं.

मग ती धुक्याची सकाळ आली. आम्ही नागपूरला उतरत होतो. अतुलच्या शेजारी खुशबू होती. ती मोहाडीकडच्या करडी गावची, धान पिकवणाऱ्यांची मुलगी, नवी सहवैमानिक. खिडकीबाहेर कापूस भरल्यासारखं पांढरं होतं. खालच्या नियंत्रण कक्षातून दिशा सांगितली गेली, तीन दोन शून्य. अतुलने ती तोंडाने बरोबर म्हटली. पण त्याच्या हाताने बटण फिरवलं ते दोन तीन शून्यावर.

हे कसं झालं असेल, तर ऐका. आपण मराठीत बत्तीस म्हणतो तेव्हा दोन आधी बोलतो आणि तीस मागाहून. अतुल लहानपणापासून मनात मराठीतच आकडे मोजायचा. शिकताना मोठ्या कष्टाने त्याने ती सवय मोडली होती. तीस वर्षं ती दबून राहिली, आणि थकलेल्या डोक्यातून त्या दिवशी परत वर आली. मनात बत्तीस म्हणता म्हणता हाताने दोन आधी लावला.

विमान डावीकडे कलू लागलं. पडद्यावर डाव्या बाजूला आणखी एका विमानाची खूण होती. आमच्या पाठीमागे एकशे ऐंशी माणसं बसली होती. कुणी डोळे मिटले होते, कुणी पोराला पाणी पाजत होतं. मला ओरडायचं होतं, पण मला तोंड नाही.

"सर, बत्तीस होय. तेवीस नाही," खुशबू म्हणाली. घाईत तिच्या तोंडून गावची बोली निघाली. तोवर तिचा हात बटणावर पोहोचला होता. विमान वळलं आणि आम्ही सुखरूप उतरलो. पाठीमागच्या माणसांना काही कळलं नाही. त्यांनी आपापल्या पिशव्या काढल्या आणि ती घरी गेली.

माणसं उतरल्यावर अतुल खुर्चीतच बसून राहिला. खुशबू हळूच म्हणाली, "राग नका मानू सर. हे दुसऱ्यांदा झालं."

"पहिल्यांदा कधी?"

"मागच्या महिन्यात. तेव्हा मी गुपचूप सुधरवलं. तुम्ही एवढे मोठे, कसं बोलू म्हटलं. चुकलंच माझं."

अतुलच्या तोंडचं पाणी पळालं. पहिली चूक त्याला कळलीसुद्धा नव्हती.

दुपारी आम्ही कारध्याला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी परत उडायचं होतं. जेवण ताटात तसंच ठेवून अतुल अंगणात बसला. गुलाबबाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मी घरी आले की ते मला खोबरेल तेलाचं बोट लावतात. त्या दिवशी लावता लावता त्यांच्या बोटांना अस्तरामागे काही कडक लागलं. पत्र बाहेर आलं. चष्मा लावून त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"काहून रे अतुल, तीन डाव तारीख खोडली तू?"

अतुलने सकाळचं सगळं सांगून टाकलं, पहिल्या चुकीसकट. शेवटी म्हणाला, "मले भेव वाटते बाबा. उडाचं नाही. उडणं सुटलं त मी कोण होय, याचं भेव वाटते."

गुलाबबाबांनी तेलकट बोटं धोतराला पुसली. म्हणाले, "कारखान्यात आमच्या पाळीत एक रीत होती. कामाले लागाच्या आधी हात समोर धराचे. ज्याचे थरथरत, तो म्हणे, आज हात नाही. मंग त्याले कोणी काही इचारे नाही. तो दिवसभर आंगण झाडे, झाडाले पाणी टाके."

"तुम्ही कधी म्हटलं?"

"नाही ना. तू होणार होता, तुह्या मायची तब्येत नाजूक होती, मी चार रात्री झोपलो नव्हतो. तरी बोललो नाही. मले लाज वाटे. मंग पाळीतला सोबती बाबुलालच बोलला मोठ्यानं, गुलाबले आज हात नाही. सहा महिने मी त्याच्याशी बोललो नाही. मंग एक दिवस तुले कडेवर घेऊन त्याच्या घरी गेलो."

अतुलने आपले दोन्ही हात समोर धरले. ते थरथरत होते. विमलाबाई दारातून बघत होती, तिने पदर तोंडाला लावला. अतुलने तिथेच कंपनीला फोन लावला, सकाळची आणि मागच्या महिन्याची चूक सांगितली आणि उद्या उडणार नाही असं कळवलं. मग पत्रावर त्याच दिवसाची तारीख घातली. ती त्याने खोडली नाही.

"बाबा," तो म्हणाला, "आज हात नाही."

मी माळ्याची वाट बघत राहिले. महिन्याभराने खुशबू भेटायला आली. अतुल तिला म्हणाला, "बॅग तू घेऊन जा." परत आभाळात जायचं! मला आनंद व्हायला हवा होता, पण मला धडकी भरली. माझ्या मुठीची शिवण फक्त दोन टाक्यांवर उरली होती, आणि हे मलाच ठाऊक होतं. खुशबूने मला उचललं मात्र, मूठ तिच्या हातात राहिली आणि मी धपकन खाली आले.

मग गुलाबबाबा म्हणाले, "घ्या. बॅगले बी आज हात नाही." अतुल हसला. कित्येक महिन्यांनी मी त्याला हसताना बघितलं.

विमलाबाईने माझं अस्तर शिवलं. आता माझ्यात तिच्या गोळ्या आणि घरची कागदपत्रं असतात. वरून विमान गेलं की अतुल मान वर करतो, आणि माझी शिवण अजून आवळते. त्या तीन महिन्यांत आमच्या मागे किती माणसं बसली असतील, हे मी आठवू बघते आणि भिते. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंचा उसवलेला टाका वेळीच बघत जा. तुमचा हात थरथरला तर लाजू नका, सांगा. आणि सोबत्याचा थरथरताना दिसला, तर बाबुलालसारखं मोठ्याने बोला. तो सहा महिने रुसेल, पण रुसायला तो असेल.