गज अडला तिथे

कोणतीही जुनी बंदूक हाती आली की मी आधी तिची नळी मोजतो. लॉइड डिअरडॉर्फ यांच्या स्वयंपाकघरातही तेच केले. लाकडी गज आत सोडला, तोंडाशी बोट धरून बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. तो बुडाशी पोचायला हवा होता. वीतभर कमी पडला.

"मापं काय घेतोस, पोरा? कोट शिवायचाय तिला?" लॉइड आजोबा हसले. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांचे पणजोबा इलायस हीच बंदूक अखेरपर्यंत झाडत राहिले, असे घराणे सांगत आले होते. संग्रहालयासाठी त्यांना तेवढेच, जुन्या बंदुकांचा जाणकार म्हणून, माझ्या सहीने हवे होते.

"छळू नका हो त्याला," भांडी विसळत त्यांची नात कॉरिन म्हणाली. "आधीच तोंडातून शब्द फुटत नाही बिचाऱ्याच्या."

आत काय अडलेय याची खात्री करावी म्हणून मी विजेरी घ्यायला पिशवीकडे वळलो. वळून पाहतो तो बंदूक आजोबांच्या हाती होती आणि घोडा मागे ओढलेला.

"आवाज ऐक हिचा. दरवर्षी स्मृतिदिनाला इलायसच्या थडग्यापाशी नुसती ठिणगीची टोपी फोडतो आम्ही. यंदा दणका येणार बघ! टोपीखालचं भोक कालच सुईनं साफ केलंय. केवढी घाण निघाली!"

तांब्याची इवलीशी टोपी जागेवर चमकत होती. नळी कॉरिनच्या पाठीकडे होती. गज कमी पडला होता, म्हणजे आत एकावर एक चढवलेले दारू-गोळीचे बार होते आणि त्यांच्यापर्यंत ठिणगीची वाट काल मोकळी झाली होती.

मी ओरडलो, असे मला वाटले. घशातून काहीच आले नाही. आजोबांचे बोट चापावर वळले आणि मी झेप घेऊन घोड्याखाली अंगठा घातला.

हाड मोडल्याचा बारीक आवाज झाला. बाकी सारे शांत राहिले. कॉरिनच्या हातातली बशी अजून निथळत होती.

बोटाला फडके गुंडाळून झाल्यावर मी सांगितले. भोक युद्धातच तुंबले असावे. टोपी फुटे, बार मात्र आतच राही. त्या गदारोळात ते इलायसना कळलेच नाही. ते भरतच गेले.

आजोबांनी नळीच्या काळ्या तोंडाकडे पाहिले.

"म्हणजे एकही गोळी गेली नाही?"

"या शेवटच्या बारांची तरी नाही."

"घाबरला असेल का रे तो?"

मी फडक्यात गुंडाळलेल्या अंगठ्याकडे पाहिले.

"हो, आजोबा. पण जागा सोडली नाही त्यांनी."