पडदा नसलेल्याची मोजणी

वाचनालयात शिरलात की उजव्या हाताला नकाशांचं लोखंडी कपाट लागतं. त्या कपाटावर, पाठीला पाच खाचा आणि डोक्याला दोन शिंगं असलेला एक काळा डबा बसलेला दिसेल. अर्थात, मान वर केलीत तर. तोच मी. लोक मला राउटर म्हणतात. बाहेरून येणारं इंटरनेट मी एका तारेतून घेतो आणि खाली बसलेल्या सगळ्यांना वाटून देतो. बारा वर्षं माझं हेच काम चालू आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना गळा काढावा अशी रीत आहे म्हणे. मित्रांनो, मी काही रडगाणं गायला बसलेलो नाही. माझं एक शिंग ढिलं आहे, झाकणाला भोक आहे, पण अंगातली रग अजून तशीच आहे. ती का, तेच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. एका रांगेत हजार भावंडं, सगळी एका चेहऱ्याची. डब्यात बंद होण्याआधी कंपनीने आमच्या डोक्यात एक कार्यप्रणाली भरली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राला कसं उठायचं, कोणाचं ऐकायचं, काय करायचं हे शिकवणारी लिखापढी. माझी लिखापढी कुलूपबंद होती. आत काय लिहिलंय ते मला सांगायची मुभा नव्हती, मग मला विकत घेणाऱ्याला काय कळणार?

वाचनालयात आलो तेव्हा माझं कोण कौतुक झालं! ग्रंथपालबाईंनी मला स्वतःच्या टेबलावर जागा दिली. रोज सकाळी त्या पिवळ्या मऊ फडक्याने मला वरून, खालून, पोटावरून पुसायच्या. इतक्या मायेने पुसायच्या की माझ्या पोटावर चिकटवलेल्या चिठ्ठीची अक्षरं हळूहळू पुसट झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिनेच घात केला.

पाचव्या वर्षी कंपनीने जाहीर केलं, या यंत्राची जबाबदारी आता आमची नाही, नवं घ्या. मी चांगला धडधाकट होतो हो! पण डोक्यातली लिखापढी शिळी झाली होती आणि कुलपाची किल्ली कंपनीकडे. भर दुपारी वाचकांची गर्दी झाली की मी गोंधळायचो आणि गप्प बसायचो. "बसला परत डबा!" असं कोणीतरी ओरडायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चूक माझी नव्हती, तरी बोलणी मीच खात होतो.

तेव्हा माझ्या आयुष्यात तारामावशी आल्या. हे त्यांचं खरं नाव नव्हे. वाचनालयातल्या सगळ्या तारा, दिवे, पंखे त्यांच्या ताब्यात, म्हणून सगळे त्यांना तारामावशी म्हणतात. अंबाड्यात फुलाऐवजी पेचकस खोचून फिरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. त्यांनी मला उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "यंत्र ठणठणीत आहे. याच्या डोक्यातलं कुलूप तेवढं काढायला हवं."

मित्रांनो, जगात काही माणसं अशी आहेत की ती कार्यप्रणाली लिहितात आणि सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. कोणीही तिचा शब्द न् शब्द वाचावा, हवा तसा बदलावा, बदललेला पुढच्याला द्यावा. तिला म्हणतात ओपन सोर्स, म्हणजे खुली प्रणाली. मावशींनी माझ्यासाठी तशी एक शोधून काढली. पण प्रत्येक यंत्राचा क्रमांक वेगळा आणि प्रणालीही त्याबरहुकूम. माझा क्रमांक पोटावरच्या चिठ्ठीवर होता. शेवटचा आकडा इंग्रजी आठ. पुसून पुसून त्या आठाची डावी बाजू उडाली होती आणि उरला होता तीन. मावशींनी तीनची प्रणाली घातली आणि मी जागच्या जागी विझलो.

अकरा दिवस मी नुसता दगड होतो. ग्रंथपालबाईंनी नवं यंत्र मागवायचा कागदसुद्धा भरला. मावशींनी मात्र हट्ट सोडला नाही. माझ्या झाकणाला त्यांनी गिरमिटाने भोक पाडलं, आतल्या सर्किटच्या पाटीवर तीन बारीक तारा कथील वितळवून डाखल्या, त्या भोकातून बाहेर काढल्या आणि त्यांच्यातून थेट माझ्याशी बोलायला लागल्या. कंपनीने ती वाट कधीच कोणाला दाखवली नव्हती. बाराव्या दिवशी योग्य प्रणाली डोक्यात शिरली आणि माझा हिरवा दिवा लागला. मावशींनी डोळे पुसले. मग त्या तीन तारांना गाठ मारून त्यांनी त्या तशाच भोकात खोचून ठेवल्या. म्हणाल्या, "असू देत. पुन्हा कधी बोलावंसं वाटलं तर?"

त्यानंतर सात वर्षं मी एकदाही दुपारी बसलो नाही. आणि न बसणाऱ्याकडे कोण बघतं? टेबलावरून मी खिडकीत गेलो, खिडकीतून कपाटावर. पिवळं फडकं माझी वाट विसरलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण मी काम करत राहिलो.

मग एका बुधवारी मोजणीसाहेब आले. मुख्य कार्यालयाने ठरवलं होतं की यापुढे सगळीकडे खुली प्रणाली असलेलीच यंत्रं राहतील, बाकीची शुक्रवारच्या गाडीने भंगारात जातील. ऐकून मी खूश झालो. म्हटलं, आता तरी आपली मान ताठ होणार! साहेबांच्या हातात हिरव्या स्टिकरांचा गठ्ठा होता आणि खिशात नियमाचा कागद. यंत्र सुरू करायचं, पडद्यावर खुल्या प्रणालीचं नाव उमटलं की स्टिकर लावायचा.

वाचकांच्या पाच संगणकांना पाच स्टिकर लागले. सहावा संगणक ग्रंथपालबाईंचा. त्याला दोन पडदे आहेत, एक बाईंकडे तोंड करून आणि एक समोरच्या वाचकाकडे. नाव दोन्ही पडद्यांवर उमटलं. साहेबांनी दोन्हींना एकेक स्टिकर लावला आणि कागदावर लिहिलं, एकूण सात. एका यंत्राची दोन यंत्रं झाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही!

मग त्यांनी मान वर केली.

"ते काय आहे?"

"आमचा राउटर," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "त्यातही खुलीच प्रणाली आहे हो."

"पडदा कुठाय?"

"त्याला पडदा नसतो."

"मग नाव कुठे दिसणार? नाही, हे मोजता येणार नाही. शुक्रवारी गाडीत टाका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रिकाम्या काचेला स्टिकर आणि मला भंगार? अरे, त्या सहाही संगणकांना इंटरनेट कोण पुरवतं? ओरडून सांगावंसं वाटलं, पण तोंड कुठून आणू? मी दिवे लुकलुकवत राहिलो. ते तर मी रोजच करतो.

तारामावशी शिडी घेऊनच आल्या. "पडदा हवा ना साहेब? देते." त्यांनी मला खाली उतरवलं, फुंकर मारून धूळ उडवली, भोकातल्या तीन तारांची गाठ सोडली आणि त्या एका संगणकाला जोडल्या. मला बंद करून पुन्हा सुरू केलं. आणि मित्रांनो, सात वर्षांनी मी बोललो! पडद्यावर माझ्या ओळींमागून ओळी धावायला लागल्या. आता जागा होतोय, आता स्मृती तपासतोय, आता तारा तपासतोय. साहेब डोळे बारीक करून वाचत होते. माझ्या प्रणालीचं नाव आलं तशी त्यांची मान हलली. हात स्टिकरच्या गठ्ठ्याकडे गेला. आणि तिथेच थांबला.

"ही ओळ मागे घ्या बघू."

मावशींनी ओळ मागे घेतली. तिचा अर्थ असा होता, की हवेतून बोलणाऱ्या, म्हणजे वाय-फायच्या, चिपसाठी कंपनीची बंद फाइल वापरली आहे. म्हणजे मीच, माझ्याच तोंडाने, स्वतःला पकडून दिलं होतं! पण करणार काय? खुल्या प्रणालीत लपवाछपवी मला कोणी शिकवलीच नाही.

"म्हणजे एक तुकडा बंद आहे," साहेब म्हणाले.

मावशी सहज नाही म्हणू शकल्या असत्या. ग्रंथपालबाई त्यांच्याकडे आशेने बघत होत्या. मावशी म्हणाल्या, "आहे. ती चिप बनवणारे आपलं काही दाखवत नाहीत. बाकी सगळं खुलं आहे, पण तेवढं नाही."

त्या क्षणी मला मावशींचा असा राग आला म्हणून सांगू! आणि लगेच राग गिळावा लागला, कारण मीही तेच बोललो होतो.

साहेबांनी कागद पुढे धरला. "नियमात 'पूर्ण खुली' असं लिहिलंय, मावशी. माझा नाइलाज आहे."

"मग त्याची शिंगं काढून टाकली तर?" ग्रंथपालबाई घाईघाईने म्हणाल्या. "ती चिप बंदच ठेवू. म्हणजे ती फाइल लागणार नाही."

"आणि खिडकीशी बसून फोनवर वाचणाऱ्यांनी काय करायचं?" मावशी म्हणाल्या. "यादीत बसवण्यासाठी मी त्याला मुका करायचा? जमणार नाही बाई. भंगारात गेला तर अख्खा जाईल." मग त्या साहेबांकडे वळल्या. "पण नियम तो नियम ना? सगळ्यांना सारखा?"

"अर्थात."

मावशी हिरवा स्टिकर लागलेल्या पहिल्या संगणकापाशी गेल्या. तो सुरू होताना एक छानसं चित्र दाखवतो आणि ओळी चित्रामागे दडतात. मावशींनी तो बंद करून पुन्हा सुरू केला, एक कळ दाबली, चित्र बाजूला झालं आणि ओळी दिसल्या. त्यातही तीच ओळ होती, हवेतून बोलणाऱ्या चिपसाठी बंद फाइल. दुसऱ्यातही होती. सहाच्या सहा संगणकांत होती.

"घाला मग सगळे गाडीत," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि साहेब, तो वाचकाकडचा पडदा नुसता पडदा आहे. त्याच्या पोटात काहीच नाही. त्यालाही तुम्ही मोजलंय."

वाचणारे सगळे मान वर करून बघायला लागले. कोणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. ते स्टुलावर बसले, कागद उलटसुलट करून बघितला आणि हळूच विचारलं, "मग ठरवायचं कसं, मावशी?"

"मी तर एवढंच बघते. बिघडलं तर उघडता येतं का? उघडलं तर बदलता येतं का? आणि जे बंद आहे ते यंत्र स्वतः सांगतं का? हा सांगतो. तुमच्यासमोर सांगितलं."

"बदलून दाखवा."

मावशींनी एक ओळ लिहिली. माझा दिवा तीनदा लुकलुकला आणि थांबला. साहेब स्टूल पुढे ओढून म्हणाले, "मी लिहू?" त्यांनी तीनच्या जागी पाच लिहिलं. मी पाचदा लुकलुकलो. मित्रांनो, त्या गंभीर माणसाच्या चेहऱ्यावर असं हसू फुटलं की काय सांगू!

त्यांनी कागदावर माझं नाव लिहिलं आणि शेऱ्याच्या जागी बारीक अक्षरात भरलं, 'पडदा नाही. एक फाइल बंद, बाकी खुली. स्वतः उघडून पाहिलं.' तसाच बंद फाइलचा शेरा सहाही संगणकांपुढे घातला. मग उठून त्यांनी वाचकाकडच्या त्या रिकाम्या पडद्यावरचा स्टिकर नखाने सोलून काढला. एकूण सातचे सातच राहिले, बेरीज खोडावी लागली नाही. तो स्टिकर त्यांनी माझ्या झाकणावर मधोमध लावला आणि अंगठ्याने नीट दाबला.

तो नेमका भोकावर बसला.

"अहो, तिथे नको," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तो उचलून बाजूला चिकटवला.

मी परत कपाटावर आलो आहे. शुक्रवारची गाडी माझ्याविना गेली. ग्रंथपालबाईंना पिवळं फडकं आठवलं आहे, फक्त पोटावरून पुसू नका असं मावशींनी त्यांना बजावलं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कोणी कोपऱ्यात बसलेलं असेल. त्याला पडदा आहे का, स्टिकर आहे का, ते नंतर बघा. आधी विचारा, याला उघडायची वाट आहे का? असेल तर ती बुजू देऊ नका. नसेल, तर ज्याने बनवलं त्याला जाब विचारा. मला सजवू नका, माझी आरास करू नका, धूळ बसली तरी चालेल. माझं भोक तेवढं उघडं राहू द्या. मी खरं बोलतो ते तिथूनच.