विसावी पायरी

संगणकाची भाषा शिकण्याआधी ती संगणकात बसवावी लागते, आणि आमच्या क्लासात बहुतेकांचं शिक्षण तिथंच संपतं. बसवायच्या पायऱ्या एकोणीस. सातव्या पायरीला निम्मी बॅच गळते. अकराव्या पायरीपर्यंत पोचलेल्या दोघींची लग्नं ठरली. क्लासचे मालक ईरप्पाकाका मला विचारतात, "सिद्धू, तू भाषा शिकवतोस का जिना?"

म्हणून मी पडद्याचे फोटो काढून मराठीत एक पुस्तिका केली. फोटोत माझ्या संगणकाचं नाव ‘सिद्धू’ दिसत होतं. पुस्तिका सगळ्यांनी इतकी मन लावून वाचली की क्लासातल्या अकराही संगणकांचं नाव आता सिद्धू आहे. एखादा बंद पडला की कुठला सिद्धू गेला हे शोधण्यात सकाळ जाते.

शेवटी मी एकच बटण केलं. दाबा, चहा प्या, भाषा बसली. ते करायला पाच महिने लागले आणि पहिल्यांदा ते दाबलं दाक्षायणीताईंनी.

ताई मैंदर्गीच्या. रोज एसटीनं इथं येऊन एका टॉवेल कारखान्यात गाठींवरच्या, म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यांवरच्या, चिठ्ठ्या हातानं लिहायच्या. कारखान्याचं नाव, माप, रंग, गाव. बावीस वर्षं हेच. अक्षर असं की गिऱ्हाइकानं टॉवेल परत करावा आणि चिठ्ठी ठेवून घ्यावी. आता मालकांचा पुतण्या युवराज पुण्याहून शिकून आला होता. त्यानं सांगितलं, चिठ्ठ्या यापुढं संगणकावर. शनिवारी चालवून दाखवा, नाही जमलं तर सोमवारी येऊ नका.

चिठ्ठीच्या चार ओळी म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम. हे तर कुणालाही जमेल, असं मी म्हणालो. मी हे दर बॅचला म्हणतो.

ताईंनी टाइप केलं. पडदा लाल झाला. पहिल्याच ओळीत चूक. मी वाकून बघितलं तर पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’.

"ताई, ही ओळ काढा."

"का?"

"भाषेला कळत नाही."

"तिला कळावं म्हणून कुटं लिवलंय?"

शेजारी इम्तियाजभाई बसले होते, रिक्षावाले. त्यांनी पहिल्या ओळीत ७८६ लिहिलं होतं, आणि त्यांचा प्रोग्रॅम चालला होता. नुसता आकडा भाषेला चालतो. "अपना तो चल गया, भाई," ते म्हणाले आणि चहा प्यायला गेले. ताईंनी माझ्याकडं असं बघितलं, जणू भाषा मीच जन्माला घातली आणि वाढवताना लक्ष दिलं नाही.

मी तोडगा काढला. "ओळ ठेवा. फक्त तिच्या आधी ही खूण टाका. खूण दिसली की भाषा त्या ओळीकडं बघतच नाही."

"म्हंजे देवाच्या नावापुडं ‘हिकडं बगू नका’ अशी पाटी लावू?"

याचं उत्तर पुस्तिकेत नव्हतं. शिवाय हे एकट्या ताईंचं नव्हतं. नवीन वही असो, लग्नपत्रिका असो, नाहीतर भांडणाचा अर्ज असो, आमच्याकडं पहिली ओळ देवाचीच. अख्खं गाव बदलण्यापेक्षा भाषा बदलणं सोपं, म्हणून मी बटणाच्या आत एक दुरुस्ती केली. आता ज्या संगणकावर माझं बटण दाबलं जाईल, तिथली भाषा पहिली ओळ न वाचताच सोडून देणार. ताईंना एवढंच सांगितलं, "आता चालेल." कशामुळं चालेल ते सांगितलं नाही. सोपं करायचं होतं ना.

चाललं. लाल काही आलं नाही. लाल आलं नाही म्हणजे सगळं बरोबर, हेही मीच शिकवलेलं. ईरप्पाकाकांनी पेढे मागवले. शनिवारी ताई कारखान्यात गेल्या, तिथल्या संगणकावर बटण दाबलं आणि लिहायला बसल्या. पुढचं त्यांनी नंतर सांगितलं.

युवराज मागं उभा होता. म्हणाला, "मावशी, हे ऑफिस आहे. देव घरी." आणि हसला.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच ताईंनी ती ओळ खोडली. मग उरलेल्या चार ओळी लिहून प्रोग्रॅम चालवला. लाल काही आलं नाही. युवराज म्हणाला, "गुड." चारशे चिठ्ठ्या खालच्या मजल्यावरच्या छपाईयंत्रातून निघाल्या आणि तिथल्या माणसानं त्या गाठींवर चिकटवल्या. ट्रक गेला.

चिठ्ठीवर माप होतं, रंग होता, गाव होतं. कारखान्याचं नाव नव्हतं. देवाची ओळ खोडल्यावर तीच पहिली ओळ झाली होती.

रविवारी ट्रान्सपोर्टच्या गोदामात चारशे बेवारस गाठी पडून होत्या. दुसऱ्या दोन कारखान्यांची माणसं येऊन आपल्याच समजून थोड्या घेऊनही गेली. सोमवारी युवराजनं चिठ्ठ्यांचं काम बाहेरच्या छापखान्याला दिलं.

ताई क्लासात पुस्तिका परत द्यायला आल्या. मी दुरुस्तीबद्दल सगळं सांगितलं.

"ही सोय कुणासाटी केलती?"

"तुमच्यासाठी."

"मग मला सांगायचं की."

मी म्हणालो, पुन्हा शिकवतो, फुकट शिकवतो. त्या म्हणाल्या, "साडेपाचची एसटी हाय," आणि जिना उतरल्या. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर त्यांच्या अक्षरात ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’ होतं. त्याखाली माझं सगळं छापील, आणि ते हस्ताक्षरापुढं फार गचाळ दिसत होतं.

दुरुस्ती मी काढून टाकली. बटणही काढलं, कारण आत काय आहे हे कुणाला दिसत नाही. एकोणीस पायऱ्या परत आणल्या आणि शेवटी एक वाढवली. तिच्यात पहिल्या ओळीचं काय होतं, ती खूण कशासाठी आणि लाल न येताही चूक कशी होते, हे सगळं साध्या मराठीत लिहिलंय. पायरीला ताईंचं नाव दिलंय.

तिथवर अजून कुणी पोचलेलं नाही.