एक्केचाळीस नंबरची नऊ मिनिटं

"मावशी, घड्याळ पळतंय, पण प्रश्न पुढं सरकतच नाही!" एक्केचाळीस नंबरवरची पोरगी अगदी रडवेली झाली होती.

मी धावत जाऊन सर्व्हरवाल्याला घेऊन आले. इंजिनिअरिंगची देशभरची प्रवेशपरीक्षा. तीन तास, पंचाहत्तर प्रश्न. उत्तर चुकलं तर मार्क उलटे कापतात आणि एकेका मार्कात हजारो पोरं मागं पडतात. आणि हे मशीन ऐन वेळी रुसलेलं! ते बदला म्हणून मी, या लॅबची अटेंडंट, तीनदा अर्ज दिला होता. साहेबांच्या केबिनला पडदे मात्र नवे आले.

पोरीला राखीव मशीनवर बसवेपर्यंत नऊ मिनिटं गेली. तिची आधीची उत्तरं जागच्या जागी होती, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. पण गेलेला वेळ आपोआप परत मिळत नाही. रजिस्टरमध्ये नोंद हवी, नोंदीखाली बाहेरून आलेल्या निरीक्षकांची सही हवी, मगच सर्व्हरवाला वेळ वाढवतो.

मी रजिस्टर उघडलं तसे केंद्रप्रमुख साहेब आलेच.

"काय लिहिताय?"

"नऊ मिनिटं."

"अहो, कशाला? केंद्राच्या नावाला बट्टा लागेल. पुढच्या वर्षी परीक्षा मिळायची नाही आपल्याला."

"मग हिची नऊ मिनिटं कोण देणार? तुम्ही?"

"मावशी, जास्त शहाणपणा नको. ड्यूटीच्या यादीत पुन्हा नाव दिसणार नाही."

"नाही दिसलं तर नाही! मी लिहिलेलं मी खोडणार नाही."

असा संताप आला होता! सव्वीस वर्षं या माणसापुढे 'हो साहेब, हो साहेब' करत आले होते. मी रजिस्टर उचललं आणि थेट निरीक्षकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी पोरीला विचारलं, सर्व्हरवर वेळ तपासली आणि सही केली. साहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

बाराला बाकीचे स्क्रीन बंद झाले. पोरं कच्च्या कामाचे कागद पेटीत टाकून निघून गेली. साठ खुर्च्यांमध्ये ती एकटीच उरली. साहेब दारात उभे राहून मुद्दाम किल्ल्या खुळखुळवायला लागले. मी जाऊन हात पुढं केला.

"द्या इकडे. कुलूप मी लावते."

दिल्या त्यांनी.

शेवटच्या दोन मिनिटांत पोरीनं सोडून दिलेला एक प्रश्न धरला, कागदावर भराभर आकडे मांडले आणि उत्तर दिलं. बरोबर की चूक, मला काय कळतंय! स्क्रीन बंद झाला. ती बाहेर उभ्या असलेल्या बापाकडे पळत सुटली, माझ्याकडे बघायचंही तिला सुचलं नाही. असू दे.

दुपारच्या सत्राच्या यादीत माझ्या नावावर लाल रेघ होती. मी एक्केचाळीस नंबरच्या वायरी काढल्या, मशीन उचललं आणि साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं, नव्या पडद्यांसमोर.