तो काळा रंग माझा आहे

मित्रांनो, मला वाटी म्हणतात खरे, पण माझ्यात आजवर कुणी आमटी वाढलेली नाही. मी जुनी काशाची वाटी आहे. तळपायाला तूप चोळायचे आणि माझ्या बुडाने घासत राहायचे, एवढ्यासाठीच माझा जन्म. भुलेश्वरच्या भांडेबाजारातून मी गिरगावात सुचित्राताईंच्या आईकडे आले. आई गेल्यावर ताईंनी मला परळच्या व्यसनमुक्ती केंद्रात आणले. तिथे औषधे डॉक्टर देतात आणि मालिश ताई करतात.

दारू सुटताना अंग कसे तडफडते ते मी फार जवळून पाहिले आहे. झोप येत नाही, कुणाचा हात लागलेला सोसत नाही. लालबागचा हितेंद्र असाच आला. त्याने पाय झाडला, मी भिंतीवर आदळले आणि माझ्या कडेचा टवका उडाला. ताईंनी मला उचलले आणि पुन्हा त्याच्या पायाशी बसल्या. हळूहळू त्याला झोप लागू लागली. "ताई, आज पण वाटी करणार ना?" असे तो स्वतःच विचारू लागला. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पण इथेच माशी शिंकली. तुपात घासले की माझ्या काशाचे काळे सुटते आणि तळवे काजळी लागल्यासारखे दिसतात. हा धातूचा गुण आहे. लोक मात्र म्हणतात, अंगातले वाईट बाहेर पडले. हितेंद्रची आई जाईबाई भेटायला आली, तिने ते तळवे पाहिले आणि मलाच हात जोडले.

"सगळा विख भायर इला गो बाय! आता झिलाक घराक न्हेतंय."

"मावशी, ते विष नाही, काशाचे काळे आहे. त्याला अजून इथे राहू द्या," ताई म्हणाल्या.

"टेन्शन नका घेऊ ताई, एकदम क्लिअर झालोय मी," हितेंद्र म्हणाला.

तो आईबरोबर घरी गेला. माझा नुसता संताप झाला. श्रेय मला आणि घात त्याचा! एवढे मोठे तोंड असून मला एक शब्द बोलता आला नाही.

व्हायचे तेच झाले. जाईबाई त्याला धरून परत घेऊन आली. त्याचा ओठ फुटला होता, तोंडाला दारूचा वास येत होता. आणि ती काय म्हणाली? "आधी वाटी घास गो."

या वेळी ताईंनी जाईबाईलाच खुर्चीत बसवले, तिच्या चपला काढल्या, तूप चोळले आणि मला फिरवले. थोड्या वेळात तिचे तळवे काळेकुट्ट झाले. ती आपल्या पायांकडे बघतच राहिली.

"मी तर जल्मात थेंब घेवक नाय," ती पुटपुटली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "हंयच रव. ताई सांगतली तवा न्हेतलंय."

मित्रांनो, मला चिंचेने घासून लखलखीत ठेवले नाही तरी चालेल. मी थकल्या जिवाला घडीभर झोप देते, बाकी माझ्या हातात काही नाही. माझे काळे साबणाने निघते. ते पाहून कुणाला अर्ध्यावर घरी नेऊ नका.