जनाचा राब

"लोकांची मनं बघून झाली असतील तर आपल्या राबाकडं पन बघ जरा," अंजूने दारातच नवऱ्यावर तोंड सोडलं. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, आणि अजून सकाळचे आठसुद्धा वाजले नव्हते. "शेन मी टाकलं, पाला मी येचला. आता वरची माती पन मीच टाकू का? तू जा शहापूरला मीटिंगला."

"आज मीटिंग नाय," भगीरथ म्हणाला. "आज कमळूकडं सावड हाय."

"मग काय बोलायलाच नको."

बोलायला नको म्हणाली आणि हंडे उतरवेपर्यंत बोलत राहिली. भगीरथाने कोयता कमरेच्या आकडीत अडकवला आणि मुकाट निघाला. तिचं खोटं नव्हतं. एप्रिल संपत आला होता, खालच्या अंगाला सगळ्यांचे राब, म्हणजे भाताच्या रोपांचे तुकडे, भाजून काळे झाले होते आणि त्याचा अर्धाच पडला होता. रात्री झोप लागत नव्हती आणि दिवसा कामाला हात उचलत नव्हता. पंचेचाळिशीचा गडी, पण गेल्या दिवाळीपासून साठीचा दिसायला लागला होता.

शेणवे गावाच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटून उंबरवाडी आहे, ठाकर आदिवासींची तीस-पस्तीस घरं. दोन वर्षांपूर्वी शहापूरच्या एका संस्थेने आसपासच्या वाड्यांतून एकेक माणूस निवडला. वाड्यांतले कर्ते पुरुष आपल्या हाताने जीव देत होते, आणि बाहेरच्या माणसापुढे तोंड उघडत नव्हते. तेव्हा वाडीतल्याच कुणीतरी त्यांच्याशी बोलावं, अशी कल्पना. त्याला नाव दिलं 'सोबती'. उंबरवाडीने भगीरथाचं नाव पुढे केलं, कारण तो कमी बोलतो, आणि कमी बोलणारा माणूस शहाणा असतो असा वाडीचा समज होता. त्याला शिकवलं, एक पिशवी दिली, विचारायच्या प्रश्नांचा कागद दिला. वाडीने त्याचं 'मनाचा डॉक्टर' करून टाकलं. कमळू तर भर पाणवठ्यावर विचारायचा, "डॉक्टर, माझं मन रातचं लय घोरतं, गोळी हाय का?" भगीरथही हसायचा.

मग दिवाळीत हनुमान गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा. आठच दिवस आधी भगीरथ त्याच्या ओट्यावर कागद घेऊन बसला होता. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं विचारलं. "बरा हाय मी दादा. तू च्या घे," हनुमान म्हणाला. भगीरथ चहा पिऊन घरी आला. तो चहा त्याला अजून पचलेला नाही. त्यानंतर वाडीत कुणी त्याची थट्टा केली नाही, आणि ते त्याला थट्टेपेक्षा जड गेलं. काम सोडतो म्हणून तो संस्थेच्या ताईला सांगून आला होता. पण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं, म्हणून पिशवी त्याच्याच खुंटीला राहिली.

कमळूच्या माळावर पोचला तेव्हा माणसं लागली होती कामाला. राबाचं काम एका घराचं नसतं. जिथे पुढे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या कोवळ्या फांद्या, म्हणजे कवळ, त्यावर पाचोळा, वर माती, आणि मग सगळं सावकाश भाजायचं. त्यासाठी सावड. ज्याचं काम असेल त्याने आदल्या संध्याकाळी दारोदार जाऊन सांगायचं, "उद्या माझ्याकडं या." माणसं येतात, आणि मग तो त्यांच्याकडे जातो. पण न बोलावता कुणी कुणाच्या राबावर जात नाही. तसं गेलं तर त्याला लाचार समजल्यासारखं होतं, आणि ते ठाकराला खपत नाही.

जना सगळ्यांच्या आधी आला होता. तिशीतला, उंच, काटक. तीन वर्षांपूर्वी कसाऱ्याकडे ठेकेदाराच्या कामावर डाव्या हातावर दगड पडला आणि तीन बोटं गेली. तेव्हापासून त्याला झाडावर चढता येत नव्हतं. वर चढलेले फांद्या टाकायचे आणि हा खाली भारे बांधून डोक्यावरून वाहायचा. मध्यंतरी फार प्यायचा, घरात आदळआपट करायचा. पण होळीपासून थेंबाला शिवला नव्हता.

"कालपन आला व्हता, आजपन आला," कमळू कौतुकाने म्हणाला. "मी म्हनलं, अरे सावड एका दिवसाची, तू दोन दिवस का येतंस? तर नुसता हसतो. मानूस सुधारला बघ, डॉक्टर. तुझ्या औषदाबिगर सुधारला."

"माझ्याकडंपन दोन दिवस आलेला," देवराम म्हणाला. हा शेणव्याच्या खालच्या आळीतला म्हातारा शेतकरी, याचीही वाडीशी सावड. "वर बियानं दिलं मला भाताचं. चांगलं निवडलेलं. मी म्हनलं तुला नको का, तर म्हनतो, तुमीच पेरा."

भगीरथ ऐनाच्या झाडावर चढला. दोन-चार फांद्या तोडल्या आणि दम खायला थांबला. ऊन डोक्यावर आलं होतं, हवेत भाजलेल्या शेणाचा वास होता. वरून सगळी खाचरं दिसत होती. देवरामाचं, धाकलूचं, खालच्या प्रत्येकाच्या शेतात एक काळा चौकोन. जनाचं शेत ओढ्याच्या कडेला. तिथे काळं काही नव्हतं. शेणाचा पो सुद्धा पडलेला नव्हता. नुसती करडी, भेगाळलेली जमीन.

भगीरथाच्या हातातला कोयता तसाच राहिला. ज्याला पावसाळ्यात भात लावायचं आहे, तो बी वाटून टाकत नाही. माणूस सुधारला म्हणून सगळी वाडी खूश होती. भगीरथाने कोयता आकडीत अडकवला. तो भराभर खाली उतरला.

"कमळू, जनानं तुला बोलावलं का त्याच्या राबाला?"

"नाय बुवा. कोनालाच नाय बोलावलं वाटतं."

"मग राब करनार कोन?"

"आता ते मी काय सांगू? असंल कायतरी त्याचं," कमळू म्हणाला आणि बिडी पेटवायला आडोशाला गेला.

भगीरथ तसाच जनाच्या घरी गेला. जनाची बायको काजल शेणव्याच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला जायची, नुकतीच परत आली होती. घराची कौलं फिरवलेली, कुडाला नवं सारवण, दाराची मोडकी कडीसुद्धा बसवलेली.

"समदं त्यानंच केलं, दादा," काजल हसून म्हणाली. "आता लय शांत झालाय. भांडन नाय, तंटा नाय. पोरीला वैशाखऱ्याला मामाकडं ठिव म्हनतो, तिथं शाळा चांगली हाय. मी खंडोबाला नारळ फोडला, माझा संसार सुधारला म्हनून."

भगीरथाला तिच्या तोंडाकडे बघवेना. "जरा येतो," म्हणून तो माघारी फिरला. वाटेत त्याला वाटलं, ताईला फोन करावा. केला. ताई म्हणाली, "आधी त्याला गाठा. एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा. मी उद्या शहापूरच्या दवाखान्यात तुमची वाट बघते."

सरळ विचारा. मरणाबद्दलचा तो प्रश्न सोबत्यांना शिकवताना ताईने दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावला होता, कारण एकाच्याही तोंडून तो निघत नव्हता. हनुमानला भगीरथाने तेवढंच विचारलं नव्हतं. विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात जाईल, अशी भीती वाटली होती. तसं होत नाही, असं ताईने आधीच सांगितलं होतं.

जना उतारावरून भारा घेऊन येत होता. भगीरथाने दुसरा भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि त्याच्या बरोबरीने चालायला लागला. समोर बसून विचारलं की माणूस चहा पाजून वाटेला लावतो, हे तो शिकला होता.

"जना, तुझा राब कवा?"

"बघू."

"बी तर देवरामाला दिलंस."

जनाने डोक्यावरचा भारा नीट केला.

"जना, एक इचारतो. राग धरू नको." भगीरथ म्हणाला. "तू मरायचा इचार करतोस का?"

मग जनाने भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसला.

"कोन बोललं तुला?"

"कोनी नाय. झाडावरनं दिसलं."

"समद्यांचं झालं का मग जायचं व्हतं," जना जमिनीकडे बघत म्हणाला. "कोनाचा दिवस अंगावर ठिवायचा नव्हता. कमळूचं शेवटचं राह्यलेलं."

कमळूचा राब आज पुरा होणार होता.

"माझा दिवस अर्धा हाय, दादा," जनाने डावा हात पुढे केला. "झाडावर चडता येत नाय, कोयता धरवत नाय. दोन दिवस गेलो तवा तुमचा एक फिटतो. आता माझ्या राबाला परत बोलावू? परत दोन-दोन दिवस? जलमभर? काजल कमावते, मी बसून खातो. पोरीला शाळेत इचारतात, तुझा बाबा काय करतो."

भगीरथाला कागदावरचं एकही वाक्य आठवेना. तोही भारा टाकून शेजारी बसला, आणि एकाएकी त्याला रडू कोसळलं. डोकं धरून रडला, लहान मुलासारखा. जना घाबरला.

"दादा, अरे तू कशापायी रडतंस?"

"हनुमानला मी इचारलं नाय रे. च्या पिऊन आलो." भगीरथाने पंच्याने तोंड पुसलं. "तवापासून झोप नाय मला. दोनदा माझ्यापन मनात आलं."

"तुझ्या?"

"माझ्या."

"मग?"

"मग काय. पयल्यांदी अंजूनं हातात कळशी दिली, पानी आन म्हनली. दुसऱ्यांदी ताईला फोन केला. ती येऊन दोन तास बसली. बरं झालं असं नाय. पन तो दिवस गेला."

मनाच्या डॉक्टरालाही असं होतं, हे जनाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग त्याने आपण काय आणून ठेवलंय आणि कुठे, ते सांगितलं. दोघं मिळून गेले. भगीरथाने ते न उघडताच घेतलं आणि वाडीबाहेर नेऊन त्याची विल्हेवाट लावली.

काजलला जनानेच सांगितलं, भगीरथ शेजारी उभा होता. ती मटकन खाली बसली. "आन मी नारळ फोडला," एवढंच म्हणाली. मग उठून तिने नवऱ्याचा तो मोडका हात धरला तो सोडलाच नाही.

"उद्या सकाळच्या गाडीनं आपन तिघं शहापूरला जाऊ, डाक्टरकडं," भगीरथ म्हणाला. "आन आता संध्याकाळी तू राबाला बोलवायला निघ."

"मी नाय."

"मी बोलावनार नाय. तुझ्या राबाला तुलाच बोलवावं लागंल."

"आन नाय आले तर?"

"बघू," भगीरथ म्हणाला.

ऊन कलल्यावर दोघं निघाले. पहिलं घर कमळूचं. कमळू ओट्यावर पाय पसरून बसला होता. जना कुपणापाशी उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडेना. भगीरथाच्या जिभेवर शब्द आले होते, ते त्याने दात आवळून मागे ढकलले.

"काय रे?" कमळूने विचारलं.

"उद्याच्याला... नाय, परवा. परवा राब हाय माझा," जना म्हणाला. "माझ्याकडं या."

"परवा?" कमळूने डोकं खाजवलं. "परवा नाय जमायचं रे. मुरबाडला सोयरिकीला जायचंय."

जना मान हलवून माघारी वळला. कमळूने एकदा जनाच्या पाठीकडे बघितलं, मग भगीरथाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे. हे डोळे त्याने दिवाळीत एकदा बघितले होते. तो ओट्यावरून खाली उतरला.

"जना, थांब. सोयरिकीला बायको जाईल. मी येतो. धाकलूलापन आनतो. तुझ्याकडं झाडावर मी चडतो, तू खाली भारे बांध. तुझ्यासारखा भारा या वाडीत कोनाला बांधता येतो? माझे तर वाटंतच सुटतात."

जना पाठमोराच थांबला.

"पन मी आलो का तू पायजेस तिथं," कमळू म्हणाला. त्याच्या आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. "परवा हायस ना तू?"

"हाय."

"आन लावनीला? माझ्या लावनीला कोन येनार?"

लावणीला अजून दोन-अडीच महिने होते. जनाने वळून आपल्या हाताकडे बघितलं, मग कमळूकडे. आतून कमळूची बायको दारात येऊन उभी राहिली.

"मी यीन," जना म्हणाला. "पन एकच दिवस यीन. दोन दिवस यायचा नाय मी."

"एकच ये रे बाबा," कमळू म्हणाला. "दोन-दोन दिवस तुला जेवायला घालून आमी बी दमलो."

भगीरथ कुपणाच्या दगडावर टेकला. उद्याचं शहापूर, परवाचा राब, आणि त्याच्या पुढचे सगळे दिवस डोळ्यांपुढे आले आणि त्याला फार दमल्यासारखं झालं. जना वाटेत थांबून त्याची वाट बघत होता.

"ऊठ दादा," तो म्हणाला. "अजून तीन दारं हायत."