दुसरी रेघ

आरेखकाने डाव्या हातात पेन्सिल धरली आणि ठरवल्याप्रमाणे रेघ वाकडी काढली. कोरा कागद, पट्टी नाही, आणि समोर तीन डॉक्टरांचे मंडळ. रेघ निम्म्यावर थरथरली, खाली झुकली आणि कडेपाशी कशीबशी पोहोचली.

प्रमुख डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"पुरे. बसा."

त्या अर्जावर लिहू लागल्या. अर्ज त्याचाच होता. दीड वर्षापूर्वी कागद कापण्याच्या यंत्राने त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे नेली. नकाशे काढण्यास तो असमर्थ आहे, असे मंडळाने लिहून दिले की नोकरीतून मुदतीपूर्वी सुटका होणार होती, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या पत्नीजवळ त्याला दिवसभर थांबता येणार होते. आजवर तो कार्यालयात असताना शेजारच्या मावशी दुपारी डोकावून जात. पुढच्या महिन्यात त्या मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंचे लिहिणे चालू होते. कागद त्याच्यासमोर तसाच पडला होता. तीस वर्षे ज्याने नद्या, रस्ते आणि सीमा रेखाटल्या, त्याच्या नावाने फायलीत राहणारी शेवटची रेघ ही. त्याने दृष्टी भिंतीकडे वळवली. ती पुन्हा कागदावरच आली. मग, कोणीही सांगितले नसताना, त्याने पेन्सिल उचलली आणि पहिल्या रेघेखाली दुसरी काढली. श्वास रोखून, एका ओघात, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

ती सुतासारखी सरळ आली.

बाईंचे पेन थांबले.

"ही डाव्या हातानं?"

त्याने होकारार्थी मान हलवली. हा हात इतका सरळ चालतो, हे त्यालाही ठाऊक नव्हते. या हाताने दीड वर्षात एकही नकाशा काढला नव्हता. याने केवळ पत्नीला भरवले होते. काठोकाठ भरलेला दुधाचा चमचा, थेंब न सांडता, तिच्या ओठांपर्यंत नेला होता. दिवसातून तीनदा.

"कौतुक आहे तुमचं," बाई म्हणाल्या. स्वरात उपहास नव्हता. "किती छान जमवून घेतलंत."

आणि त्यांनी लिहिलेली ओळ खोडली.

बाहेर बाकावर कार्यालयाचा शिपाई बसला होता. वर्षानुवर्षे त्याच्या नकाशांच्या गुंडाळ्या वाहणारा हा माणूस. त्याला बेत ठाऊक होता.

"काढलीत ना वाकडी?"

"काढली. मग दुसरी काढली."

शिपाई बाकावरून उठला.

"लोक पायावर धोंडा मारून घेतात, साहेब. तुम्ही हातावर मारलात. तेही उरलेल्या."

तो दुपारीच घरी पोहोचला. कुलपात किल्ली फिरवताना आत काही सरकल्याचा आवाज आला आणि थांबला. पत्नी नेहमीप्रमाणे पलंगावर पडली होती. पण तिला धाप लागली होती आणि हनुवटी ओली होती. खिडकीजवळची खुर्ची पलंगापाशी होती.

त्याची नजर फरशीवर गेली. पलंगापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत समांतर ओरखडे गेले होते. काही ताजे, पांढरे. काही जुने, मळाने भरलेले. खुर्चीचा आधार घेत ती कुठे वळली, तोल सावरायला कुठे थांबली, हे सारे त्यात उमटलेले होते. नकाशा वाचायला त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. हे कित्येक महिन्यांचे चालणे होते. ज्या आशेवर त्याने पहिली रेघ वाकडी काढली, त्याच आशेवर ती त्याच्यासमोर पडून राहत आली होती.

"काय म्हणाले?" तिने विचारले.

"छान जमवून घेतलंय म्हणाले. सोमवारपासून पुन्हा नकाशांच्या टेबलावर."

तिने छताकडे पाहिले.

"तुम्ही घरी असाल, असं धरून चालले होते मी."

"मीही."

"जरा पाणी देता?"

त्याने पेला भरून तिच्या ओठांना लावला. तिने दोनच घोट घेतले. तिला तहान नव्हती.

संध्याकाळी त्याने जुन्या ब्लँकेटचे चार तुकडे कापले. खुर्ची उलटी करून एकेका पायाला डिंकाने तुकडा चिकटवू लागला. ती कुशीवरून पाहत होती.

"आवाज येत होता का, अहो?"

"नाही. फरशी खराब होते."

चौथा तुकडा वाळेपर्यंत त्याने खुर्ची उलटीच ठेवली. मग त्याने खुर्ची उचलली. खिडकीकडे नेली नाही. पलंगाला लागून, तिच्या धड हाताच्या बाजूला ठेवली.

"अजून थोडी इकडे," ती म्हणाली.